दांडीवरचा शेंदूर

मुलांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यापैकी धाकटीने आजोबांना विचारलं, "तुम्हाला नीट दिसत नव्हतं म्हणून त्या मशीनने तुम्हाला मारलं ना?" थोरल्याने तिला कोपराने ढोसलेलं मला दिसलं. आजोबा हसले आणि म्हणाले, "हो गं, म्हातारा झालोय ना मी." मी शेजारी बसून मटार सोलत होते. सोलत राहिले.

आमच्याकडे दोन वर्षं ही हकिगत अशीच सांगितली जाते आणि ती खरी नाही. आजोबा तुम्हाला खरं कधी सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते आहे. तुम्ही मराठी अडखळत वाचता हे मला ठाऊक आहे, तेव्हा घाई न करता क्रमाने सांगते. कुठे अडलं तर बाबाकडून वाचून घ्या. त्यालाही यातलं काही माहीत नाही.

तुमचे आजोबा देवासला आले ते कारखान्यातल्या नोकरीसाठी, साताऱ्याकडून. टूलरूममध्ये त्यांनी तेहेतीस वर्षं काढली. टूलरूम म्हणजे जिथे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनतात ती जागा. तिथे केसाइतका फरकसुद्धा चूक धरतात. मी मात्र इकडचीच. माझं माहेर धारचं. आमचे लोक पवारांच्या फौजेबरोबर माळव्यात आले आणि इथलेच झाले. आजोबा मला अजून म्हणतात, "तुमच्या मराठीला दोनशे वर्षांपूर्वीचा वास येतो." मी म्हणते, "आणि तुमच्या मराठीला ग्रीसचा."

निवृत्तीनंतर त्यांना सुतारकामाचं वेड लागलं. आधी हातकरवत, मग रंधा, मग हातात धरायचं विजेचं कटर. माझी पुस्तकं लोखंडी ट्रंकांमध्ये पडून होती. त्यांच्यासाठी भिंतभर कपाट करायचं त्यांनी ठरवलं आणि त्यासाठी त्यांना मोठं मशीन हवं झालं: ओतीव लोखंडाचं टेबल, मधल्या फटीतून वर आलेलं गोल दातेरी पातं, खाली मोटर. नवं घ्यायला ते तयार नव्हते. "जुन्या ओतकामाला तोड नाही," हे त्यांचं म्हणणं.

धारला माझ्या माहेरच्या गल्लीत एक म्हातारे सुतार होते. त्यांचे वाडवडीलही आमच्यासारखेच दरबारामागून आलेले. मुलगा पीथमपूरला नोकरीला लागला, दुकान बंद करायचं होतं, मशीन विकायचं होतं. आम्ही दोघं बघायला गेलो.

"या जावईबापू," सुतार आजोबांना म्हणाले. मी गल्लीची लेक, म्हणून हे सगळ्या गल्लीचे जावई. "ताई, तुमच्या वडिलांचं देवघर माझ्या बापाच्या हातचं. या मशीनवर नाही हां, हातानं."

आजोबांनी मशीनभोवती चार फेऱ्या मारल्या. टेबलावर पोलादी मोजपट्टी उभी धरून खालून उजेड येतो का ते पाहिलं. पातं हाताने फिरवलं. मग गाइड सरकवून पाहिली. गाइड म्हणजे काय ते इथेच सांगते, कारण सगळी गोष्ट तिचीच आहे. टेबलावर पात्याच्या उजव्या बाजूला एक लांब लोखंडी पट्टी असते. लाकूड तिला टेकवून पुढे ढकलायचं, म्हणजे काप सरळ येतो. ही पट्टी टेबलाच्या पुढच्या कडेला बसवलेल्या एका चौकोनी दांडीवर डावी-उजवीकडे सरकते; दांडीला धरणारा तिचा पुढचा रुंद भाग म्हणजे तिचं डोकं. अरुंद तुकडा हवा तर पात्याजवळ आणायची, रुंद हवा तर दूर न्यायची आणि खटका दाबून पक्की करायची. कुठेही नेली तरी ती पात्याला समांतर राहिली पाहिजे. मागचं टोक पात्याकडे जरासं जरी झुकलं तरी लाकूड पातं आणि गाइड यांच्यामध्ये चिमटलं जातं, आणि फिरणारं पातं ते उचलून माणसाच्या अंगावर फेकतं.

दांडीच्या दर्शनी अंगावर, मध्याच्या थोडं उजवीकडे, दोन बोटं रुंद, शेंदराचा एक थर होता. तेलात कालवलेला शेंदूर, मारुतीच्या मूर्तीवर असतो तसा, जागोजागी काळपट झालेला, त्यात रुप्याच्या वर्खाचे कण.

"दर खंडेनवमीला," सुतार म्हणाले. "बापानं पहिल्या वर्षी जिथं बोट टेकवलं तिथंच मीही टेकवत आलो. हत्यार आहे, त्याला देव मानलं की ते बोटं मागत नाही." त्यांनी दोन्ही हात पुढे पसरले. दहाच्या दहा बोटं होती.

मशीन लोडिंग टेम्पोतून देवासला आलं. मागच्या खोलीत ठेवलं. आजोबांनी रॉकेलने ते दोन दिवस पुसलं. गंज काढला, पट्टा बदलला, पात्याला धार लावून आणली. तिसऱ्या दिवशी दांडी पुसायला घेतली आणि पटाशी शेंदरावर टेकवली, तेवढ्यात मी चहा घेऊन आले.

"अहो, ते काय करताय?"

"मळ काढतोय."

"मळ नाही तो. तेवढं राहू द्या."

"अगं, दांडी आहे ती. स्वच्छ नको?"

"बाकीची करा ना स्वच्छ. बोटभर जागेने तुमचं काय अडतंय? आमच्याकडे देवाचा शेंदूर कुणी खरवडत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पटाशी बाजूला ठेवली. "धारचा हुकूम," एवढंच म्हणाले. आणि मी, शुभारंभ म्हणून, त्याच जागी तेल-शेंदराचं आणखी एक बोट टेकवलं.

मग ते गाइड जुळवायला बसले. टेबलात पात्याला समांतर अशी एक खाच असते. त्या खाचेपासून गाइड पुढच्या टोकाला किती दूर आहे आणि मागच्या टोकाला किती, हे सारखं यायला हवं. त्यासाठी त्यांच्याकडे टूलरूममधला चार इंचांचा एक पोलादी ठोकळा होता. तो खाच आणि गाइड यांच्यामध्ये पुढे घालायचा, मागे घालायचा. दोन्हीकडे सारखाच घट्ट बसला की झालं. डोळ्यांचं काम नाही, बोटांना कळतं. त्यांनी स्क्रू सैल केले, पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, आणि तासाभराने मला हाक मारली. "हात लाव. बघ, पुढे-मागे सारखा." मी हात लावला. सारखाच होता.

पहिले आठ-दहा दिवस त्यांनी अरुंद पट्ट्या कापल्या. एकेक काप आरशासारखा. त्यानंतर फळ्यांची पाळी आली. कपाटाच्या फळ्या चौदा इंच रुंद हव्या होत्या.

मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. पात्याचा आवाज चालू होता, त्यात लाकडाचा आवाज मिसळला, आणि मग एकदम घोगरा झाला. पाठोपाठ खाटकन आवाज आला, भिंतीवर काहीतरी आदळलं. मोटर चालूच होती. मी पिठाच्या हातांनीच धावले. आजोबा जमिनीवर बसलेले, पोट धरून, तोंडाने श्वास घेत. फळी त्यांच्या पोटाला लागून मागच्या भिंतीत गेली होती. गिलाव्याचा मोठा टवका उडाला होता. बटण कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. मी भिंतीवरचा मेन स्विच पाडला.

"बोटं?" मी विचारलं.

त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले.

दवाखान्यात फोटो काढला. हाड मोडलं नव्हतं. पोटाच्या उजव्या बाजूला जांभळा डाग उमटला, तो तीन आठवडे राहिला. डॉक्टरांनी सहज विचारलं, "चष्म्याचा नंबर केव्हा तपासला होता?" मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डाव्यात जास्त. बारीक रेघा दोन-दोन दिसतात असं आजोबांनी तिथे प्रथम कबूल केलं.

संध्याकाळी तुमच्या बाबाचा फोन आला. मीच त्याला सांगितलं होतं. फोन स्पीकरवर होता.

"बाबा, विका ते मशीन. उद्याच्या उद्या."

"मशीनमध्ये दोष नाही रे."

"मग कुणात आहे?"

आजोबा चष्मा पुसायला लागले. मी मध्ये पडले नाही. मला फोनवर माझ्या बाजूचं बोलणारा कुणीतरी हवा होता आणि तो मिळाला होता. खरं सांगते, मला मशीन पहिल्या दिवसापासून नको होतं. त्याचा आवाज सुरू झाला की मी हातातलं काम सोडून तो थांबण्याची वाट बघायची. आणि आता तर मी त्यांना जमिनीवर बसलेलं पाहिलं होतं.

पुढच्या दिवसांत त्यांनी ठोकळा घेऊन गाइड पुन्हापुन्हा तपासली. दर वेळी बरोबर. "मशीन बरोबर आहे," ते म्हणाले. "म्हणजे मीच फळी वाकडी ढकलली. आणि मला ती वाकडी जाताना दिसली नाही." एकदा त्यांनी हे म्हटलं आणि मग जणू त्यांचा हिशेबच सुरू झाला. स्कूटरची किल्ली त्यांनी माझ्या डब्यात ठेवली. दाढी करायला न्हाव्याकडे जाऊ लागले. शेजारच्यांची मिक्सर-इस्त्री दुरुस्तीला यायची, ती परत पाठवू लागले. दिव्याची वायर बदलायची होती तर इलेक्ट्रिशियन बोलवायला सांगितलं. तेहेतीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाने!

मी मनात म्हणत होते, मशीन गेलं की हे सगळं आपोआप ठीक होईल.

मशीन विकायचं म्हणून एका गुरुवारी मी ते पुसायला घेतलं. आजोबा बँकेत गेले होते, पायी. गाइड वाटेत येत होती म्हणून मी ती उजवीकडे सरकवली. ती सहज सरकत गेली, मग एका जागी हाताला उंचवटा लागला. दाराखाली पायपुसणं अडकावं तसं. मी जोर केला, ती वर चढली आणि पुढे गेली. मी खटका दाबला. आणि सवयीने, जशी मी शाळेत मुलांच्या वहीतल्या रेघा सरळ आहेत का पाहायची, तशी वाकून पाहिलं. गाइडचं मागचं टोक डावीकडे, पात्याकडे वळलेलं होतं.

मी त्यांची पोलादी पट्टी घेतली. खाचेपासून पुढे मोजलं, मागे मोजलं. मागे जवळजवळ एक सूत कमी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गाइड पुन्हा डावीकडे आणली, मोजलं. सारखं. उजवीकडे नेली, चौदा इंचांवर, मोजलं. पुन्हा एक सूत कमी. चौदा इंचांवर गाइडच्या डोक्याचा डावा खांदा बरोबर त्या शेंदरावर बसत होता. त्यांच्या ठोकळ्याला हे कधीच कळणार नव्हतं. ठोकळा चार इंचांचा होता, आणि चार इंचांवर शेंदूर नव्हता.

पट्टी जिथे होती तिथे ठेवली. गाइड डावीकडे आणून ठेवली. हात धुतले.

त्या दिवशी ते घरी आल्यावर मी सांगायला हवं होतं. मी त्यांना जेवायला वाढलं.

माझ्यापाशी कारणं होती. मशीन जाणारच आहे, मग कशाला? सांगितलं तर ते पुन्हा उभे राहतील त्या पात्यासमोर, आणि मोतीबिंदू तर खराच आहे. आणि शेंदूर ठेवायला मी सांगितलं होतं, हे तिसरं कारण. ते मी स्वतःलाही हळूच सांगत होते.

रविवारी सकाळी त्यांनी मला मागच्या खोलीतून हाक मारली. गाइड चौदा इंचांवर नेलेली होती. त्यांच्या हातात पोलादी पट्टी.

"जरा इकडे ये. मला इथे पुढे एक दिसतंय आणि मागे दुसरं. तू बघ. सारखं आहे का?"

त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली. मी वाकले. पुढे मोजलं. मागे मोजलं. माझे डोळे चांगले आहेत. वाचायचा चष्मा लावला की मला सुईत दोरा ओवता येतो. रेघा स्पष्ट होत्या.

"सारखंच दिसतंय," मी म्हणाले.

त्यांनी पट्टी परत घेतली, तिच्यावर बोट फिरवलं आणि ती खोक्यात ठेवली. "मग डोळाच," ते म्हणाले. दुपारी त्यांनी एका ओळखीच्या माणसाला फोन करून कुणी घेणारा असेल तर पाठवायला सांगितलं.

मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं. खोटं बोलणाऱ्या मुलाची मान कशी वळते ते मला दुरून कळायचं. माझी मान त्या दिवशी जराही वळली नाही.

मंगळवारी जवळच्या पीपलरावां गावाहून एक सुतार आला. तिशीतला, कानावर पेन्सिल, मोटरसायकलवर. त्याने मशीन सुरू करायला लावलं, आवाज ऐकला, खूश झाला.

"बाबूजी, आवाज तो मक्खन है. चौड़े पटिये निकल जाएँगे ना इस पे? मेरा तो सब पलंग-अलमारी का काम है."

"निकल जाएँगे," आजोबा म्हणाले.

"हओ. सुना था किसी को झटका मार दिया इसने?"

"मुझे ही मारा. मशीन में कोई खराबी नहीं है, भाई. खराबी मेरी आँख में है."

तो माणूस ओशाळला. "अरे नी बाबूजी, ऐसा मत बोलो. उमर में तो सबको होता है." मग माझ्याकडे वळून, "माताजी, चाय पिलाओगी कि नी? गुरुवार को टेम्पो लेके आता हूँ."

चहा टाकायला मी आत गेले. दुधाकडे बघत उभी होते. बाहेर त्याचं बोलणं ऐकू येत होतं. दुकानात दोघेच आहेत, तो आणि त्याचा धाकटा भाऊ. पलंगाच्या फळ्याही चौदा इंचीच असतात. भाऊच ढकलेल, तो मागून ओढून घेईल. भावाच्या पोटाचा विचार मी केला, दूध उतू गेलं, पुसलं, आणि चहा घेऊन बाहेर गेले. तेव्हाही काही बोलले नाही. त्याने बिस्किटं खाल्ली आणि गेला.

मंगळवार गेला. बुधवार गेला. बुधवारी आजोबांनी त्यांची हत्यारं जुन्या चादरीत गुंडाळून ट्रंकेत ठेवली. ज्या ट्रंकेतून पुस्तकं काढायची होती त्याच एका ट्रंकेत त्यांनी जागा केली. ठोकळा सगळ्यांत खाली.

गुरुवारी सकाळी आठला मी त्यांच्यासमोर बसले. टेम्पो अकराला यायचा होता.

"मशीन देऊ नका."

"का? तूच तर..."

"गाइड वाकडी आहे. चौदा इंचांवर. शेंदरावर चढते."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुला कुणी सांगितलं?"

"मी मोजलं."

"केव्हा?"

"गुरुवारी."

"आज गुरुवार आहे."

"गेल्या गुरुवारी."

मी त्यांना दिवस मोजताना पाहिलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. रविवारपाशी ते थांबले.

"रविवारी मी तुला विचारलं."

"हो."

"मला दिसला होता फरक," ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "मला दिसलं होतं बरोबर."

त्यानंतर मी जे काही म्हणाले ते इथे लिहीत नाही. भीती, मोतीबिंदू, तुमच्या बाबाचा फोन, सगळं म्हणाले. त्यांनी मध्येच हात वर केला, शाळेत वर्ग गप्प करायला मी करायची तसा, आणि उठून ट्रंक उघडली. चादर सोडली. पोलादी पट्टी घेतली, आणि फट मोजायच्या पातळ पोलादी पत्र्यांची जुडीही घेतली. मागच्या खोलीत गेले. मी मागे गेले. त्यांनी गाइड उजवीकडे नेली, खटका दाबला, डावा डोळा मिटून एकाच डोळ्याने पट्टी वाचली. मग गाइडचं डोकं आणि दांडी यांच्या फटीत पत्रे सरकवत गेले, एक, दोन, तीन, जुडी संपत आली तरी फट उरली.

पटाशी माझ्यापुढे धरली.

"तू ठेवायला सांगितलंस. तूच काढ."

मी दांडीला नमस्कार केला आणि खरवडायला लागले. वरचा थर माझाच होता, ओला, बोटाला लागणारा. त्याखाली लाखेसारखा कडक. थरावर थर निघत होते, केशरी, मग तपकिरी, मग काळे, मध्येच वर्ख, एका थरात झेंडूची पाकळी अडकलेली. तळाशी लोखंड निघालं तेव्हा माझ्या तळहाताला फोड आला होता. आजोबांनी एकदाही "राहू दे" म्हटलं नाही. खरवड मी स्वच्छ रुमालात बांधली. ती पुढे क्षिप्रेत सोडली.

गाइड बसवून ते मोजतच होते, तेवढ्यात दाराशी टेम्पोचा हॉर्न वाजला.

"आ गया बाबूजी! छोटे भाई को भी ले आया उठाने के लिए."

धाकटा भाऊ मागून उतरला. वीस-बावीस वर्षांचा असेल.

"मशीन में खराबी थी," आजोबा म्हणाले. "मुझे मालूम नहीं था. अब निकाली है. पहले देखता हूँ." कुणाची खराबी, कुणी लपवली, काहीच बोलले नाहीत. त्यांनी चौदा इंचांवर कापायची फळी उचलली. तीच, भिंतीत गेलेली, टोकाला फुटलेली.

"आप मत करो बाबूजी," थोरला भाऊ म्हणाला. "मैं चला देता हूँ ना."

"नहीं. सब लोग बाजू में. पीछे कोई नहीं."

मी दाराशी सरकले. त्यांनी बटण दाबलं. पातं घुमू लागलं. मला वाटत होतं, आता मेन स्विच पाडावा. हात तिथपर्यंत पोचत होता. फळी टेकली, लाकूड बोलू लागलं. पहिलं हातभर आवाज सारखा होता. त्या दिवशी जिथे घोगरा झाला होता तिथे फळी आली. आजोबांची बोटं गाइडवर, मग ढकलायची काठी उचलली, फळीच्या मागच्या टोकाला लावली. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, मानेवरची शीर दिसत होती. फळी गेली. पात्याच्या पलीकडे दोन तुकडे वेगळे झाले आणि टेबलावर शांत पडले. त्यांनी बटण बंद केलं. पातं थांबेपर्यंत कुणी हललं नाही.

धाकट्या भावाने कापलेल्या कडेवर अंगठा फिरवला. "रंधा मारने की जरूरत नी है, दादा."

"अब तो चाहिए ही चाहिए," थोरला म्हणाला.

"अब नहीं दूँगा," आजोबा म्हणाले.

"लो! टेम्पो का फेरा गया मेरा. माताजी, आप बोलो कुछ इनको."

"मी काही बोलणार नाही," मी मराठीतच म्हणाले. त्याला कळलं नसावं, पण तो हसला. दोघांनी जेवण केलं. जाताना आजोबांनी त्यांना कुठल्याही मशीनची गाइड कशी तपासायची ते अर्धा तास समजावलं: एका जागी नाही, तीन जागी.

मी धारला फोन केला. म्हातारे सुतार ऐकून घेत होते. मग म्हणाले, "ताई, आम्ही गाइड देवाच्या पलीकडं कधी नेतच नव्हतो. रुंद फळी आली की हातकरवतीनं. बापाची तशी शिस्त होती. तुम्हाला सांगायचं राहिलं, आम्हाला वाटलं तुम्ही धारच्या, तुम्हाला ठाऊकच असणार."

मला ठाऊक नव्हतं. त्यांना देव ठाऊक होता आणि त्याची हद्दही. मला फक्त खरवडू नये एवढंच ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात तुमच्या बाबाचा फोन आला. आजोबांनी त्याला सांगितलं, "मशीन ठेवतोय. माझीच चूक होती, डोळ्यामुळे गाइड नीट तपासली गेली नव्हती." मी समोर होते. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "खरं सांगायचं होतं त्याला."

"त्याला सांगून गाइड जास्त सरळ होणार आहे का?" ते म्हणाले.

महिनाभर ते माझ्याशी कामापुरतं बोलले. भाजी, औषध, गॅसचा नंबर. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. मी माफी मागितली, तीही दोनदा. "ठीक आहे," ते म्हणाले, दोन्ही वेळा. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा थेंब घालायला त्यांनी मला बोलावलं, घड्याळ लावून, दिवसातून सहा वेळा. त्या दिवसांत पुन्हा हळूहळू बोलू लागले. पण त्या रविवारबद्दल त्यांनी मला आजवर काही विचारलेलं नाही.

मशीन अजून मागच्या खोलीत आहे. कपाट झालं, माझी पुस्तकं त्यात आहेत. आठवड्यातून तीन सकाळी आजोबा त्यावर काम करतात आणि मी आता आवाजाला थांबत नाही. सुरू करण्याआधी ते गाइड तीन जागी मोजतात, स्वतःच्या डोळ्याने, आणि मला हाक मारत नाहीत.